निकेलची वकिली

कार्बन डायऑक्साइडपासून माल बनवायचा म्हटलं, की हल्ली जो तो मिथेनॉलवर बोलतो. युरिया आणि सॅलिसिलिक ॲसिड हा वायू कधीपासून पचवताहेत, पण त्यांना कॅटॅलिस्टच लागत नाही. तेव्हा ते सोडून देऊ.

मिथेनॉलचंही थोडक्यातच. 1923 मध्ये बीएएसएफनं झिंक-क्रोमियम ऑक्साइडवर ते काढलं, पण दाब अचाट. 1966 मध्ये आयसीआयनं तांबं, झिंक ऑक्साइड आणि ॲल्युमिनाची त्रयी आणली आणि 50 ते 100 वातावरणांत भागू लागलं. कार्बन मोनॉक्साइडऐवजी नुसता कार्बन डायऑक्साइड दिला की मात्र पाणी जास्त सुटतं, तांब्याचे कण गोळा होतात आणि कॅटॅलिस्ट लवकर थकतो.

आता निकेल. फ्रेंच रसायनज्ञ साबात्येनं 1902 मध्ये तुलूझला याच वायूचा हायड्रोजनशी संयोग घडवून मिथेन केला. 1912 चं नोबेल त्याला मिळालं ते असल्याच कामासाठी. पुढे अमेरिकेत मरे रॅनीनं निकेल-ॲल्युमिनियमचा मिश्रधातू कॉस्टिकमध्ये टाकला. ॲल्युमिनियम विरघळलं, उरला निकेलचा स्पंज. पाण्याखाली ठेवायचा, सुकला की पेट घेतो! डोंबिवली एमआयडीसीत मोनार्क कॅटॅलिस्टसारख्या कंपन्यांनी निकेलचा असला माल वर्षानुवर्षं बनवला. रंगवाल्यांची नायट्रो संयुगं त्याआधी लोखंडाच्या किसानं क्षपित होत. त्या काळ्या गाळाचे ढीग ज्यानं उपसले, त्याला निकेलची थोरवी पटवावी लागत नाही.

‘चार हायड्रोजन घालून मिथेन काढता, त्यातले दोन पाण्यात जातात, हा कसला धंदा?’ असं एक विद्वान दर परिसंवादात विचारतात. अहो, तुमच्या मिथेनॉललाही तीन लागतात आणि एक पाण्यातच जातो. महाग हायड्रोजनचं पाप निकेलच्या माथी कशाला? निकेलची खरी दुखणी वेगळी. अभिक्रिया तापते, मोलमागे 165 किलोज्यूल. बेडमध्ये एका जागी उष्णता साठली की कण चिकटून मोठे होतात. गंधकाचा तर त्याला अंशही खपत नाही. हायड्रोजन नकोच असेल तर वेगळी वाटही आहे. माटुंग्याच्या आयसीटीत भालचंद्र भानगे यांच्या गटानं इपॉक्साइडपासून सायक्लिक कार्बोनेट करण्यावर काम केलं, तिथे हायड्रोजनच लागत नाही. त्या वाटेबद्दल मला आदर आहे. राग आहे तो चिमूटभर पावडरीवर दिवसभर प्रयोग चालवून ‘क्रांती’ जाहीर करणाऱ्यांवर. पावडर रिॲक्टरमध्ये भरली तर वायू पुढे सरकेल का? गोळी पाडा, ती वजनाखाली फुटते का बघा, महिनोन्‌महिने चालवा, मग बोला.

गोळी पाडणारे हातच कमी होत चाललेत. 23 मे 2024 ला डोंबिवलीतल्या रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटानंतर इथे कारखाना म्हटलं की लोक आधी तो हलवायला सांगतात. भीती रास्तच आहे. पण इथला जुना फोरमन गाळणीवरचा केक बोटांत चोळून तो नीट धुतला गेलाय की नाही ते सांगायचा, आणि त्याचा मुलगा आज ऐरोलीला संगणकापुढे बसतो. पवईच्या आयआयटीत 2022 मध्ये कार्बन पकडून वापरण्याचं राष्ट्रीय केंद्र जाहीर झालं, छान झालं. तिथल्या पोरांनी शीळ रस्ता धरून एकदा इकडे यावं, दहा किलो गोळ्या पाडून घ्याव्यात आणि वायूत मुद्दाम थोडं गंधक सोडून पाहावं.