पेटी, पदर आणि १०८

‘बाळाला पुढे न्या’ असं डॉक्टरांनी सांगितलं की अंबरनाथ-बदलापूरच्या घरांत पहिला प्रश्न असतो, गाडी किती वेळात पोचवेल? उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय गाठायचं, तिथून गरज पडली तर कळवा किंवा मुंबई. वेग हवाच. पण वाटेत बाळाचा जीव अनेकदा टिकतो तो उबेवर.

नवजात बाळ ओलं असतं आणि वजनाच्या मानाने त्याची त्वचा मोठ्या माणसाच्या जवळजवळ तिप्पट. पातेल्यातल्या चहापेक्षा बशीतला लवकर निवतो, तसंच हे. कुडकुडून ऊब आणणं त्याला जमत नाही. ते खांद्यांजवळची तपकिरी चरबी जाळतं. त्यात प्राणवायू आणि साखर खर्ची पडते. तापमान ३६.५ अंशांखाली गेलं की आधीच धापा टाकणारं बाळ आणखी खचतं.

आपण जिला ‘काचेची पेटी’ म्हणतो, तिचा उगम मोठा गमतीचा आहे. पॅरिसचे प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी कोंबडीची अंडी उबवणारं यंत्र पाहिलं आणि ते बनवणाऱ्या ओदिल मार्तें यांच्याकडून बाळांसाठी तसंच करून घेतलं. १८८१ च्या सुमारास ते प्रसूतिगृहात आलं. तार्निएंचं नाव पुस्तकांत राहिलं. मार्तेंचंही घ्यायला हवं.

पुढे १९७८ मध्ये बोगोटात पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा एडगर रे या बालरोगतज्ज्ञांनी बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधली. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या चाचणीत, कमी वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर असं ठेवल्यावर मृत्यू चतुर्थांशाने घटले. आईची तब्येत बरी असेल, तर रुग्णवाहिकेतही हा उपाय चालतो. ‘चाकांवरचा अतिदक्षता विभाग’ या जाहिरातींना भुलताना हे विसरू नये.

त्याहून उत्तम पेटी म्हणजे गर्भाशय. वाढलेला रक्तदाब, जुळं, खाली सरकलेली वार हे धोके दर महिन्याच्या ९ तारखेच्या मोफत तपासणीत आधी कळू शकतात. अशा बाईला कळांपूर्वीच मोठ्या रुग्णालयात हलवावं. १०२ ची गाडी तिला मोफत आहे. तातडीला १०८ आहेच. निघण्याआधी पुढच्या रुग्णालयाला फोन करून खाट पक्की करावी.

गाडी किती मिनिटांत आली, एवढ्यावर सेवेचं मोजमाप थांबू नये. संदर्भचिठ्ठीवर बाळाचं निघतानाचं आणि पोचल्यावरचं तापमान लिहिलं गेलंच पाहिजे.