जिल्ह्याची रेघ कोठे ओढावी?

नांदेडहून देगलूरकडे जाताना वाटेत नायगाव लागते. आज तेथे तहसील कचेरी आहे. पण गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ती सांगतील, की पूर्वी कचेरीचे काम निघाले म्हणजे बिलोली गाठावी लागे, कारण नायगाव तेव्हा बिलोली तालुक्यात होते. गाव जागचे हलले नाही, रेघ हलली.

ही रेघ ओढायची कशी? १७९० साली फ्रान्समध्ये हाच प्रश्न निघाला. जुने लहानमोठे प्रांत मोडून देशाचे ८३ भाग पाडण्यात आले. त्यांना तिकडे ‘देपार्तमाँ’ म्हणतात. ते आपल्या जिल्ह्यासारखेच. कोणत्याही गावाहून मुख्य ठिकाणी घोड्यावरून एका दिवसात पोचता यावे, असा हिशेब धरला होता. नावेही बहुतेक नद्या-डोंगरांची दिली. लोझेर हा त्यांपैकीच एक डोंगराळ, विरळ वस्तीचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवर होती. क्षेत्रफळाने नांदेड लोझेरच्या दुप्पट, पण माणसे मात्र चाळीस पटींहून अधिक! एका कलेक्टरावर केवढा भार पडतो, तो यावरून ध्यानात येईल.

आपल्याकडे घोड्याचा हिशेब कोणी केला नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तेथे जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याला ‘अव्वल तालुकदार’ म्हणत. (जुने कागद वाचताना फसू नका, हा तालुक्याचा अधिकारी नव्हे.) पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली, तेव्हा भाषा हे माप ठरले. तालुकेसुद्धा अखंड राहिले नाहीत. देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली. ती आज तेलंगणात आहेत. उलट आदिलाबादचा किनवट तालुका नांदेडला मिळाला.

भाषेचा प्रश्न सुटला, अंतराचा राहिला. किनवट नांदेडपासून रस्त्याने शंभर किलोमीटरांहून दूर आहे. म्हणूनच वेगळ्या जिल्ह्याची मागणी तेथे वारंवार होते. पण जिल्हा नवा केला, की कचेऱ्या, नोकर, इमारती सारे नव्याने उभारावे लागते. ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा हे सर्व करावेच लागले.

आता तुम्ही एक करा. जिल्ह्याचा नकाशा घ्या आणि नांदेडवर कंपासाचे टोक रोवून ५० किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. किती तालुक्यांची ठिकाणे बाहेर राहतात? मग दोरा रस्त्यांच्या वळणांवरून ठेवून अंतरे पुन्हा मोजा. वर्तुळाच्या आत दिसणारी काही गावे आता बाहेर जातील.