आधी कान, मग जीभ

बेंगळुरूत राहायला गेलेल्या मराठी माणसाला कन्नडमधला ‘ळ’ सहज जमतो. अडतं ते ‘ए’ आणि ‘ओ’पाशी. कन्नडमध्ये हे स्वर ऱ्हस्वही आहेत आणि दीर्घही. ‘बेळॆ’ (पहिला ए दीर्घ) म्हणजे डाळ, तर ‘बॆळॆ’ (पहिला ए ऱ्हस्व) म्हणजे पीक. मराठीत ए-काराच्या लांबीने अर्थ बदलत नाही, म्हणून आपला मेंदू हा फरक गाळून टाकतो. हे गाळणं जन्मजात नसतं. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी १९८४ साली कॅनडात दाखवलं, की इंग्रजी घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ऐकू येतात. वर्षाची होईतो ही जाण ओसरते. पण मोठेपणीही ती सरावाने परत मिळवता येते. ‘बेळॆ-बॆळॆ’सारख्या जोड्या वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐका, ओळखा आणि मग दीर्घ स्वर मुद्दाम लांबवून म्हणा.