दिवस गेलेत आणि पाळण्यात बसायचंय?

मोजणी : गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. पहिली तिमाही साधारण १२ आठवड्यांपर्यंत. तोवर गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या आड असतं. पट्टा किंवा दांडी पोटावर दाबली जाण्याचा प्रश्न पुढे वाढतो.

कुठे? अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ (बांधकाम इ.स. १०६०) महाशिवरात्रीची जत्रा. कर्जत-खोपोली मार्गाने पुढे गेलं की खोपोलीजवळ इमॅजिका हे मनोरंजन पार्क, २०१३ पासून.

टाळायच्या राइड : रोलर कोस्टर, उंचावरून सोडणारे टॉवर, टोराटोरा, ब्रेक डान्स, एकमेकांवर आदळणाऱ्या गाड्या, उंच वॉटर स्लाइड. अचानक सुटणं, थांबणं, आपटणं ही कारणं. मोठ्या पार्कमध्ये अशा राइडबाहेर गरोदर स्त्रियांसाठी सूचना असते. जत्रेत पाटी शोधू नका, बहुधा नसतेच.

सहसा चालणाऱ्या : संथ टॉय ट्रेन, बसून पाहायचे खेळ. आकाशपाळणा संथ असला तरी मळमळ वाढवू शकतो. ती साधारण सहाव्या आठवड्यात सुरू होते, नवव्याच्या आसपास जास्त असते. आधी रक्तस्राव किंवा गर्भपात झाला असेल, तर डॉक्टरांना विचारूनच.

कळायच्या आधीच बसलात? एखाद्या फेरीने गर्भपात होतो असा पुरावा नाही. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. सासूबाईंनी पाळण्याला दोष दिला तरी.

लगेच दवाखाना : रक्तस्राव, ओटीपोटात जोराची कळ, चक्कर येऊन पडणं. रुग्णवाहिका : १०८.