चेलो कोणाला शिकता येतो? गैरसमज आणि वस्तुस्थिती

चेलो हे उंच, धडधाकट आणि स्वरलिपी वाचता येणाऱ्यांचेच वाद्य, ही समजूत पालकांत असते तशी काही शिक्षकांतही असते. उंचीचा मुद्दा लगेच निकाली निघतो. पाऊण, अर्धा, पाव आणि त्याहूनही लहान आकाराचे चेलो मिळतात. मूल वाढेल तसे वाद्य बदलायचे. खुर्चीचीही सक्ती नाही. चेलोवादक सास्किया राव-द हास यांनी हिंदुस्थानी संगीतासाठी घडवून घेतलेला चेलो जमिनीवर बसून वाजवतात. त्याला पाच मुख्य तारा आणि तरफेच्या (अनुनादाने झंकारणाऱ्या) दहा तारा आहेत.

दृष्टिहीनांना चेलो जमणार नाही, हा समज अधिक चिवट. ब्रेल लिपीचे जनक लुई ब्रेल स्वतः चेलो आणि ऑर्गन वाजवत. 1829मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ठिपक्यांच्या पद्धतीत संगीतलेखनाचीही सोय होती. शिवाय चेलोला पडदे नसतात. सुराची जागा डोळस वादकही कानाने आणि बोटांच्या सवयीनेच शोधतो. खरी अडचण निराळी आहे. वाजवताना दोन्ही हात गुंतलेले असल्याने ब्रेल वाचता येत नाही. थोडा भाग बोटांनी वाचायचा, पाठ करायचा, मग गज उचलायचा. नव्या रचनेला वेळ लागतो, तो शिक्षकाने धरूनच चालावे.

‘आधी नोटेशन, मग वाद्य’ हाही नियम नव्हे. जपानच्या शिनिची सुझुकींच्या पद्धतीत ऐकणे आधी येते, वाचन नंतर. देहूत भजनाची चाल कानानेच शिकली जाते, त्यामुळे ही रीत इथे परकी वाटू नये. मात्र वाचन फार लांबवले तर वाद्यवृंदात बसताना विद्यार्थी अडखळतो.

समावेशन केवळ अपंगत्वापुरतेही नाही. चेलो महाग, आणि पैशाअभावी बाहेर राहणारी मुले बहुधा सर्वाधिक. गोव्यात डॉ. लुईस डायस यांनी 2009मध्ये सुरू केलेली ‘चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन’ वंचित मुलांना व्हायोलिन, चेलो अशी वाद्ये शिकवते.

सवलत म्हणजे दर्जा खाली आणणे, हा शेवटचा गैरसमज. पकड कमजोर असेल तर गजाला जाड मूठ बसवता येते, ‘असं कर’ऐवजी कृती शब्दांत सांगता येते, कमी ऐकू येणाऱ्याला छातीला आणि गुडघ्यांना टेकलेल्या वाद्याची कंपने जाणवतात. ब्रिटनचे एबीआरएसएम परीक्षा मंडळ गरजेनुसार जादा वेळ किंवा ब्रेलमधील साहित्य देते. गुणांचे निकष सर्वांना तेच असतात.