राखणीच्या पिलास वळण

शेताच्या राखणीसाठीं आणलेलें २ महिन्यांचें पिलूं घरांत घाण करतें, म्हणून त्यास मागाहून मारणें किंवा त्याचें नाक घाणींत घासणें व्यर्थ होय. होऊन गेलेल्या कृत्याची शिक्षा त्यास उमगत नाहीं. तें धन्याचें भय धरतें व पुढें लपून तेंच करतें. झोपेंतून उठतांच व खाणें होतांच त्यास बाहेर ठराविक जागीं न्यावें आणि विधि उरकतांच तेथेंच भाकरीचा तुकडा द्यावा. कोंबड्यांमागें धावल्यास दोरीनें आवरावें. शांत राहिल्यास गोंजारावें. शेळ्या, कोंबड्या व मुलें यांची ओळख १४ आठवड्यांच्या आंत करून द्यावी. ३ महिन्यांचें होतांच पिसाळण्याच्या रोगाची प्रतिबंधक लस टोंचवावी. भेदरलेला कुत्रा घरच्यांसही चावूं शकतो. त्याच्या हातून राखण होत नाहीं, हें आम्ही शेतकरी बंधूंस आवर्जून सांगतों.