आयफोन १७ आला, बोनसही येईल. पण हातातला फोन बदलायलाच हवा का?

लोटे (ता. खेड) : गणपती गेले की लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांना वेध लागतात ते दिवाळीच्या बोनसचे. ॲपल कंपनीचे नवे आयफोनही साधारण याच दिवसांत जाहीर होतात. ९ सप्टेंबर २०२५ रोजी आयफोन १७ जाहीर झाला आणि १९ तारखेपासून त्याची विक्री सुरू झाली. तेव्हा भारतातली किंमत ८२,९०० रुपयांपासून पुढे होती. बोनस हातात पडण्याआधीच तो हप्त्यात अडकवायचा का, हे ठरवण्यापूर्वी काही गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

नवं सॉफ्टवेअर फुकट मिळतं
ॲपल वर्षातून दोनदा मोठ्या घोषणा करते. जूनमध्ये सॉफ्टवेअरची, सप्टेंबरमध्ये फोनची. ‘आयओएस २६’ हे सॉफ्टवेअर १५ सप्टेंबर २०२५ पासून आयफोन ११ आणि त्यानंतरच्या फोनवर मोफत मिळू लागलं. म्हणजे पाच-सहा वर्षांपूर्वीच्या फोनलाही नवं रूप येतं. एक्सआर, एक्सएस आणि एक्सएस मॅक्स हे फोन मात्र तेव्हा यादीतून बाहेर पडले.

जाहिरातीतलं सगळंच आपल्या कामाचं नसतं
ॲपलच्या ‘एआय’ सुविधा आयफोन १५ प्रो आणि त्यापुढच्या फोनवरच चालतात. समोरच्याचं बोलणं लगेच भाषांतरित करून कानात ऐकवणाऱ्या सुविधेचा २०२५ मध्ये मोठा गाजावाजा झाला. पण तेव्हा त्या भाषांत मराठी नव्हती. शिवाय ज्वलनशील रसायनं हाताळली जातात त्या भागात साधा मोबाईल नेता येत नाही. फोन ८० हजारांचा असला तरी शिफ्टभर तो लॉकरमध्येच पडून राहणार.

हप्त्याचा हिशेब
व्याज नाही असं धरलं तरी १२ महिन्यांसाठी दरमहा सुमारे ६,९०० रुपये जातात. ‘नो कॉस्ट’ म्हटलेल्या हप्त्यावरही प्रोसेसिंग फी आणि जीएसटी लागू शकतो. बोनस एकदाच मिळतो, हप्ता मात्र वर्षभर भरावा लागतो.

मग फोन बदलायचा कधी?
चार्जिंग टिकत नसेल तर आधी बॅटरी तपासा. आयफोनच्या सेटिंगमध्ये बॅटरीची क्षमता दिसते. ती ८० टक्क्यांच्या खाली गेली असेल, तर नुसती बॅटरी बदलूनही काम भागू शकतं. ॲन्ड्रॉइडवाल्यांनी सेटिंगमध्ये जाऊन शेवटचं सिक्युरिटी अपडेट कोणत्या तारखेचं आहे ते पाहावं. अपडेट येणं कायमचं बंद झालं असेल आणि त्याच फोनवर बँक, यूपीआय चालत असेल, तर फोन बदलायला ते खरं कारण आहे. तेव्हाही बजेटमधला फोन घेताना ‘अपडेट किती वर्षं मिळणार?’ हे दुकानदाराला आधी विचारा.

जुना फोन एक्स्चेंजमध्ये देण्याआधी फोटो आणि नंबर दुसरीकडे उतरवून घ्या, यूपीआय ॲपमधून बँक खातं काढा, ॲपल किंवा गुगल खात्यातून बाहेर पडा आणि फोन पूर्ण रीसेट करा. सिमकार्ड काढायला विसरू नका.